आजोबांच्या घटस्फोटाचा हुकूमनामा कोकणात नेमका कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही गफलत होत असेल तर लगेच कळेल. आजोबा कणकवली तालुक्यातले, नोकरी मुंबईत गिरणीत. पहिलं लग्न 1966च्या सुमारास, मुलगी राजापूर तालुक्यातली. त्या लग्नाचा एक मुलगा, म्हणजे तुमचे सावत्र मामा. पुढे पटलं नाही आणि ‘1972-73 साली कोर्टात घटस्फोट झाला’ असं घरात सगळे सांगतात, पण कागद कोणाकडेच नाही. 1975 मध्ये तुमच्या आजीशी लग्न. आजोबा गेल्या वर्षी वारले, आजी हयात आहेत. सातबाऱ्याला वारस लावायला गेलात तेव्हा मामांनी हरकत घेतली की घटस्फोट झालेलाच नाही, दुसरं लग्न बेकायदा, तेव्हा आजीचं आणि आईचं नाव लागता कामा नये. आणि तुम्ही डोंबिवलीहून विचारताय की कोकणातल्या फॅमिली कोर्टाचं जुनं रेकॉर्ड ऑनलाइन कसं काढायचं.

ऑनलाइन निघणार नाही, हे आधीच सांगून टाकते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो, पण तिथे संगणकीकरणानंतरची प्रकरणं सापडतात. तो प्रकल्पच 2007 नंतरचा. सत्तरच्या दशकातली निकाली प्रकरणं कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत असतात. दुसरं म्हणजे ‘फॅमिली कोर्ट’ म्हणून शोधू नका. कुटुंब न्यायालयांचा कायदा 1984चा, मुंबईतलं कुटुंब न्यायालय 1989 मध्ये सुरू झालं. त्या कायद्याआधी असं वेगळं कोर्ट कुठेच नव्हतं. जिथे ते नसतं तिथे विवाह याचिका दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. तुमच्या आजोबांचं प्रकरण असलंच तर नेहमीच्या दिवाणी कोर्टाच्या दप्तरात असणार. खिडकीवर जाऊन ‘फॅमिली कोर्टाचं रेकॉर्ड हवंय’ म्हणालात तर ‘ते इथे नाही’ हे उत्तर मिळेल, आणि देणारा खोटंही बोलत नसेल.

पण त्याआधी हा कागद तुम्हाला कशासाठी हवाय ते बघू. माझ्याकडे येणारे निम्मे लोक या पायरीवर थांबतच नाहीत.

मामांचा हक्क घटस्फोटाने जात नाही. आईबाप वेगळे झाले तरी मुलगा वडिलांचा वारसच राहतो. तेव्हा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम लेखी आदेश, मिळाला की मामा बाद होतील असा घरात कोणाचा समज असेल तर तो आजच काढून टाका. तुमच्या आईचा हक्कही या कागदावर अवलंबून नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम 16 सांगतं की लग्न अवैध ठरलं तरी त्या लग्नाची अपत्यं औरस मानायची आणि आईबापांच्या मालमत्तेत त्यांना हक्क द्यायचा. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत वडिलांच्या वाट्याला जे आलं असतं त्यातही अशा मुलांना हिस्सा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं. कोकणात बहुतेक जमिनी सामाईक, त्यामुळे हा निकाल आपल्याकडे फार कामाचा आहे. राहिल्या आजी. आजोबांची विधवा म्हणून हिस्सा कोणाचा, तुमच्या आजीचा की पहिल्या पत्नीचा, हे मात्र 1975 साली पहिलं लग्न कायद्याने संपलेलं होतं का यावर ठरेल. म्हणजे हा सगळा शोध आजींसाठी आहे. मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी असेल तेव्हा आईचं आणि आजीचं म्हणणं वेगवेगळं मांडा. आईची नोंद या कागदासाठी अडकवून ठेवायचं कारण नाही. आजींच्या बाबतीत, नक्कल अर्ज केल्याची पोच जोडून मुदत मागा, बहुधा मिळते. आणि फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, कसाही झाला तरी मालकी त्याने ठरत नाही, शेवटचा शब्द दिवाणी कोर्टाचा.

आता दुसरी शंका. कोर्टात खरंच काही झालं होतं का? कोकणात त्या काळी गावच्या चार माणसांसमोर, मुंबईत असतील तर मंडळाच्या खोलीत बसून, स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून द्यायची पद्धत बऱ्याच समाजांत होती. रूढीने मिळालेला असा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29ने राखून ठेवला आहे, फक्त आपल्या समाजात ती रूढी होती हे सांगणाऱ्याला शाबीत करावं लागतं. तसं असेल तर कोर्टात धुंडाळून काहीच मिळणार नाही. तो कागद आजोबांच्या ट्रंकेत, नाहीतर पहिल्या पत्नीच्या माहेरी असेल.

हे ओळखायची एक खूण आहे. घरातली वयस्कर माणसं ‘दोघांच्या राजीखुशीने झालं’ असं सांगत असतील तर कान टवकारा. परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात 1976 साली आली. 1972-73 मध्ये त्या कायद्याखाली असा अर्ज करताच येत नव्हता. मग एक तर तो गावकीतला कागद, नाहीतर कोर्टातलं प्रकरण वेगळ्या कारणावर लावून समोरच्याने हरकत न घेतल्यामुळे एकतर्फी निकाली निघालेलं.

आणि इथेच एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रकरणाचा जीव तिच्यात असू शकतो. 1976च्या आधी छळ किंवा सोडून जाणं या कारणांवर थेट घटस्फोट मिळत नसे. त्या कारणांवर मिळायची ती न्यायिक विभक्तता, म्हणजे वेगळं राहायची कोर्टाची मुभा. लग्न कायम. त्या हुकूमनाम्यानंतर दोन वर्षं नवरा-बायको पुन्हा एकत्र आले नाहीत, तर त्या आधारावर घटस्फोटाची नवी याचिका करायची. नांदायला येण्याचा हुकूमनामा मिळवून तो दोन वर्षं पाळला गेला नाही तरीही तीच वाट. शिवाय लग्नाला तीन वर्षं होईपर्यंत घटस्फोटाची याचिका साधारणपणे घेत नसत. तुमच्या तारखा यात बसवून बघा. लग्न 1966चं. पहिली याचिका 1968-70च्या सुमारास, दुसरी 1972च्या आसपास. म्हणजे फाइली दोन असू शकतात, नंबर दोन, निकाल दोन. घरचे ज्याला घटस्फोट म्हणतात तो पहिला निकालच असेल आणि दुसरी याचिका कधी झालीच नसेल, असंही मी पाहिलेलं आहे. माणसाला वाटतं, कोर्टाने ‘वेगळे राहा’ म्हटलं, झालं. म्हणून शोध घेताना एक प्रकरण हाती लागलं की थांबायचं नाही.

कोर्ट कुठलं? हिंदू विवाह कायद्याच्या त्या वेळच्या कलम 19 प्रमाणे याचिका जिथे लग्न लागलं तिथे, किंवा नवरा-बायको जिथे राहतात वा शेवटचे एकत्र राहिले तिथे लावता येत असे. लग्न मुलीच्या दारात, राजापूर तालुक्यात लागलं असेल तर रत्नागिरी. कणकवलीच्या घरी नांदत होत्या तरीही जिल्हा रत्नागिरीच, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला 1 मे 1981 रोजी. आणि लालबाग-परळच्या खोलीत संसार थाटला असेल तर मुंबईचं शहर दिवाणी न्यायालय. चाकरमान्यांच्या प्रकरणांत ही तिसरी शक्यता घरच्यांच्या लक्षातच येत नाही, कारण भांडण गावात ऐकलेलं असतं. तेव्हा आजीला, किंवा आजोबांच्या पिढीतलं कोणी असेल त्यांना, एवढंच विचारा की तारखांना आजोबा कुठून कुठे जायचे. मुंबईहून रजा टाकून यायचे का? एसटीने रत्नागिरीला जायचे की सावंतवाडीला? माणसं कोर्टाचं नाव विसरतात, पण मुक्काम कोणाकडे केला ते पन्नास वर्षांनीही सांगतात.

1981 नंतर सिंधुदुर्गाच्या तालुक्यांचं सगळं जुनं दप्तर ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीला, गेलं असं धरून चालू नका. रत्नागिरीला विचारा, सिंधुदुर्गनगरीला विचारा, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी सावंतवाडी किंवा आणखी कुठलं दप्तर सुचवलं तर तिथेही. एका ठिकाणचा नकार म्हणजे प्रकरण नव्हतं, असं होत नाही. रायगडकडच्या कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी अलिबाग, आणि जुन्या कागदांवर जिल्ह्याचं नाव कुलाबा दिसेल. पालघर 2014 मध्ये ठाण्यातून निघालं, त्याआधीचं ठाण्याला विचारायचं.

नंबर शोधायला कोर्टात जायच्या आधी तलाठी आणि तहसील गाठा. वाकडी वाट वाटेल, पण जमिनीच्या कागदांत घरातली भांडणं जितकी नीट नोंदलेली असतात तितकी दुसरीकडे कुठे नाहीत. त्या काळी पत्नीला पोटगी मंजूर झाली आणि ती जमिनीवर बसवली गेली की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत पोटगीचा बोजा चढायचा. बोजा चढला म्हणजे फेरफार झाला, आणि फेरफारात ‘मे. कोर्टाचे हुकुमावरून’ असं लिहून कोर्ट, प्रकरणाचा नंबर आणि तारीख घातलेली असते. आजोबांच्या नावाचे 1967 ते 1980 मधले सगळे फेरफार काढा. आजोबांच्या वडिलांच्या नावावर जमीन असेल तर त्यांचेही. एका घराचा असाच शोध चालू होता, कोर्टाच्या नोंदवहीत नाव काही सापडत नव्हतं. शेवटी बोजा कमी केल्याच्या फेरफारात तालुक्याच्या कोर्टातल्या पोटगी अर्जाचा नंबर निघाला, त्या अर्जाच्या कागदांत विवाह याचिकेचा. पोटगीचं प्रकरण दंडाधिकाऱ्यांकडे चालतं हे लक्षात ठेवा. 1974 पूर्वी ते जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 488 खाली असे, मग 125 आलं, आणि 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 144. तुमच्या बाबतीत राजापूरच्या कोर्टात हेही विचारून ठेवा, कारण 1974च्या नव्या संहितेपासून माहेरी परतलेली बाई पोटगी माहेरच्या तालुक्यातही मागू शकते.

घरातही बघा. गिरणीच्या भविष्य निर्वाह निधीच्या कागदांत वारस म्हणून कोणाचं नाव कधी बदललं, जुन्या रेशनकार्डावर कोण, वकिलांची पावती, टपालाची पोच. वकिलांचं नाव कळलं तर त्यांचा मुलगा किंवा कनिष्ठ वकील अजून त्याच गावात काम करत असतो. जुन्या वकिलांच्या कचेऱ्यांतल्या डायऱ्या हा कोकणातला एक दुर्लक्षित खजिना आहे. वाळवी लागली नसेल तर.

यातून काहीच मिळालं नाही तर नोंदवहीतून शोध. इथे दोन गोष्टींनी लोक फसतात. पहिली, प्रकरणाच्या नंबरापुढचं वर्ष हे दाखल झाल्याचं असतं, निकालाचं नव्हे. घरच्यांना निकालाचं वर्ष आठवतं. 1973 सांगितलं तर 1968 पासूनच्या नोंदी बघायला हव्यात. दुसरी गोष्ट नावाची. शाळेच्या दाखल्यावर एक, गावात दुसरं, कोर्टात तिसरं. आडनाव कधी कुळाचं, कधी गावावरून ‘कर’ लावलेलं. बाईचं नाव माहेरचं लिहिलं की सासरचं याचा नेम नाही. जुन्या कागदांत ‘अमुक भ्र. तमुक’ अशी पतीच्या नावाने नोंद असते, तर कधी ‘उर्फ’ घालून दोन्ही नावं. ही सगळी रूपं एका चिठ्ठीवर लिहून न्या. आणि याचिका आजोबांनी केली की पहिल्या पत्नीने हे माहीत नसेल तर दोघांची नावं अर्जदार आणि सामनेवाला अशा दोन्ही बाजूंनी शोधायला सांगा.

आता अर्ज. नक्कल कोणालाही मागता येते का, तर पक्षकाराला सरळ मिळते. पक्षकार मयत असेल तर त्याच्या वारसाला, वारस असल्याचं दाखवून. त्रयस्थाला कारण सांगून, शपथपत्र जोडून न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते, आणि वैवाहिक प्रकरणांत ती परवानगी सहजासहजी मिळू नये असंच माझं मत आहे. तुम्ही नातू, तेव्हा अर्ज तुमच्या नावाने करू नका. आईच्या नावाने करा, आजींनाही सोबत अर्जदार करा. तुम्हाला आईचं अधिकारपत्र चालवून घेतात की नाही ते त्या त्या कार्यालयावर आहे. तिथल्याच एखाद्या वकिलाचं वकीलपत्र लावणं सोपं, कारण शंका आली की अधीक्षकांना समोर उत्तर द्यायला माणूस असतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे आईने अर्ज करावा. 1987च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

अर्जाचा मजकूर लांबवू नका. मी साधारण असा लिहिते:

‘अर्जदार क्र. 1 ही मयत अमुक यांची मुलगी व क्र. 2 ही पत्नी असून दोघी कायदेशीर वारस आहेत. मयत व त्यांची प्रथम पत्नी तमुक (माहेरचे नाव अमुक, रा. अमुक, ता. राजापूर) यांच्यामध्ये सन 1967 ते 1975 या मुदतीत या न्यायालयात वैवाहिक स्वरूपाची एक वा अधिक प्रकरणे दाखल होऊन निकाली झाल्याची अर्जदारांची माहिती आहे. प्रकरण क्रमांक उपलब्ध नाही. तरी सदर मुदतीच्या नोंदवह्यांत शोध होऊन, मिळून येणाऱ्या प्रत्येक प्रकरणातील निकालपत्र, हुकूमनामा व नोंदवहीतील उतारा यांच्या प्रमाणित नकला मिळाव्यात. नकला महसुली वारस चौकशीत व आवश्यक तेथे दिवाणी न्यायालयात दाखल करावयाच्या आहेत.’

‘एक वा अधिक’ आणि ‘प्रत्येक प्रकरणातील’ हे शब्द मुद्दाम घातलेत, कारण वर सांगितलंच. नोंदवहीचा उतारा का मागायचा ते पुढे येईल. सोबत आजोबांचा मृत्यू दाखला, नातं दाखवणारे आईच्या जन्माचे किंवा शाळेचे कागद, ओळखपत्रं, हरकतीची नोटीस आणि लागेल तेवढा कोर्ट फी स्टॅम्प. नकलेचं शुल्क पानांच्या हिशेबाने होतं, ते खिडकीवर सांगतात. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. त्या पोचेवरच्या नंबरावर पुढची सगळी चौकशी चालते. फाइलमधले मूळ कागद, पुरावे, जबाब यांच्या नकला आत्ता मागत बसू नका. तुम्हाला निकाल हवाय, दोघांनी एकमेकांवर केलेले आरोप नकोत.

कधी जायचं? चाकरमानी कोर्टाची कामं मे महिन्यासाठी राखून ठेवतात, आंबे-फणसाबरोबर. नेमकी तेव्हाच दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुटी असते. गणपतीत कर्मचारीही गणपतीत. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते मार्च हा बरा काळ, दिवाळी आणि नाताळच्या सुट्या वगळून. जुन्या गठ्ठ्यांचा शोध एका दिवसात होत नाही. अर्ज देऊन या आणि मग वकिलांमार्फत पाठपुरावा ठेवा. जो कर्मचारी पोटमाळ्यावर चढून धूळ खात तुमचा गठ्ठा शोधणार आहे त्याच्याशी दोन शब्द नीट बोला. वरच्या ओळखी सांगून दप्तर लवकर सापडत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज टाका असं कोणीतरी सुचवेलच. न्यायालयीन फाइलींच्या नकलांसाठी तो रस्ता बंद आहे. कोर्टाच्या स्वतःच्या नियमांत नकला देण्याची सोय असताना त्याच मार्गाने जायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात मार्च 2020 मध्ये सांगितलं आहे. उगाच महिनाभर घालवाल.

समजा फाइल मिळालीच नाही. सगळे कागद कोर्ट जन्मभर सांभाळत नाही. निकालपत्र, हुकूमनामा यांसारखे कागद जास्त काळ ठेवले जातात, किरकोळ कागद मुदत संपली की नष्ट करतात. त्यात आपल्याकडचा पाऊस, ओल, वाळवी, आणि चिपळूणसारख्या ठिकाणी 2021च्या जुलैत आलेला तसला पूर. अशा वेळी ‘नाही मिळत’ हे तोंडी उत्तर घेऊन घरी जायचं नाही. अर्जावर लेखी शेरा मागायचा, कुठल्या वर्षांच्या कुठल्या नोंदवह्या पाहिल्या आणि अभिलेख मिळून येत नाही की नष्ट केला आहे. हा शेरा कामाचा असतो. मूळ कागद नष्ट झाला किंवा हरवला हे दाखवता आलं तर साक्ष अधिनियमाच्या कलम 60 खाली, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या 65 खाली, दुय्यम पुरावा देता येतो. आणि इथे नोंदवहीचा उतारा उपयोगी पडतो. फाइल गेली तरी नोंदवही बहुधा टिकते, आणि तिच्यात पक्षकारांची नावं, मागणी, निकालाची तारीख आणि निकाल काय लागला हे एका आडव्या ओळीत असतं. याच आधारे वारसाचा वाद मार्गी लागलेला मी पाहिला आहे. निकालावर अपील झालं असेल तर उच्च न्यायालयातही विचारता येईल. नव्या अपिलांसाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, पण पन्नास वर्षांपूर्वीचं अपील मुंबईलाच झालेलं असणार.

एक राहिलं. वैवाहिक प्रकरणांची सुनावणी बंद दाराआड होते, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 प्रमाणे त्यातला मजकूर छापणं, प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. नक्कल हाती आली की भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा फोटो टाकायचा मोह होईल, विशेषतः मामांनी तिथे काही लिहिलं असेल तर. टाकू नका. तुमचा वाद मामांशी असेल, पण त्या कागदात नाव असलेली बाई कदाचित आज ऐंशीच्या घरात, राजापूरकडे कुठेतरी राहतेय.

इतर वाचकांसाठी थोडक्यात. तुमचा स्वतःचा घटस्फोट अलीकडचा असेल आणि कागद हरवला असेल तर एवढा खटाटोप नाही. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक किंवा नाव-वर्ष घालून ई-कोर्ट्सवर प्रकरण सापडतं, निकालपत्र तिथे उघडेलच असं नाही, नक्कल कोर्टातूनच घ्यायची. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना मोफत द्यायची असं हिंदू विवाह कायद्याचं कलम 23 सांगतं, त्यामुळे मूळ निकालाच्या वेळी ती घेतली होती का ते आधी घरात बघा. कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे, अज्ञान मुलाच्या पालकत्वाचे जिल्हा न्यायालयात, वारस दाखले दिवाणी न्यायालयात. दत्तकाचे आदेश सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात, आधीचे कोर्टात शोधायचे. आणि पणजोबांच्या काळातला, 1947च्या आधीचा हिंदू घटस्फोट कोणी कोर्टात शोधत असेल तर थांबा. मुंबई प्रांतात हिंदूंना कायद्याने घटस्फोट मिळू लागला तोच 1947च्या कायद्याने.

परत तुमच्याकडे येते. नक्कल मिळाली की कोर्टाचा शिक्का, ‘खरी नक्कल’ असा शेरा आणि सही आहे ना ते खिडकीवरच बघा, पानं मोजा. मग हुकूमनाम्यातला मुख्य आदेश वाचा. ‘विवाह विसर्जित करण्यात येत आहे’ अशा अर्थाचं वाक्य हवं. ‘न्यायिक विभक्तता’ एवढंच असेल तर तो घटस्फोट नाही, दुसरी फाइल शोधायची. एकतर्फी निकाल असेल तर तो पुढे रद्द करून घेतला होता का, हे त्याच नोंदवहीच्या शेऱ्यात बघायचं. शेवटी निकालाची तारीख आजोबांच्या दुसऱ्या लग्नाच्या तारखेशी ताडून बघा. त्या काळच्या कलम 15 प्रमाणे घटस्फोटानंतर एक वर्ष पुन्हा लग्न करता येत नसे, ही अट 1976 मध्ये गेली. तुमच्या बाबतीत निकाल 1974च्या शेवटी आणि लग्न 1975च्या मे महिन्यात असं काही निघालं, तर मामांचे वकील त्यावर बोट ठेवतील. घाबरू नका. त्या वर्षभराच्या आत केलेलं लग्न तेवढ्यामुळे रद्दबातल ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1978चा निकाल आहे. तुमच्या वकिलांना तो आधीच काढून ठेवायला सांगा.